नाव छापले नाही, पण...

(इचलकरंजी येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या गावातल्या बलात्काराच्या एका बातमीत मुलीचे नाव नव्हते. पण गल्ली होती, वय होते, आई कोणत्या कारखान्यात कांड्या भरते तेही होते. दुपारपर्यंत साऱ्या गल्लीला मुलगी कळली. आईने कामावर जाणे सोडले. मी संपादकांना भेटले. ते म्हणाले, “ताई, आम्ही छापले नाही तर प्रकरण दाबले जाईल.”

हे खोटे नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांचे खुले पत्र गाजले, मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. त्याच वेळी कलम २२८-अ आले. पीडितेची ओळख पटेल असे छापणे गुन्हा ठरला. आज ते न्याय संहितेचे कलम ७२ आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद.

काही मैत्रिणी म्हणतात, सरकारनेच वृत्तपत्रांना लगाम घालावा. मला ते पटत नाही. आणीबाणीतली सेन्सॉरशिप आठवा. तो लगाम उद्या आपल्या मोर्च्याच्या बातमीलाही लागेल. प्रेस कौन्सिल ताकीद देते, दंड करू शकत नाही.

मग आहे तोच कायदा वापरू. कात्रण जपू, संपादकाला लेखी जाब विचारू, मग कौन्सिलकडे आणि पोलिसांत तक्रार करू. मात्र आधी त्या मायलेकींना विचारू. त्यांच्या संमतीशिवाय आपणही काही बोलायचे नाही.