पोटगी, नफका, खर्चा : अर्थाने शोधायचं कसं?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. हे आधीच सांगतो, कारण बोलता बोलता कायदाही येणार आहे.

आम्ही काही मित्र सुट्टीच्या दिवशी एक मदत कक्ष चालवतो. प्रश्न फोनवर, व्हॉट्सॲपवर येतात. वकिलांनी तपासून दिलेली दीडेकशे टिपणं आमच्याकडे आहेत. बहुतेक मराठीत, काही उर्दूत, थोडी हिंदीत. एकदा एका आपांचा निरोप आला : 'शोहर खर्चा नहीं देता, मैके में हूं'. इंग्रजी अक्षरांत टाइप केलेला. आमच्या पोराने टिपणांत 'खर्चा' शोधलं. शून्य. मराठी टिपणात शब्द होता 'पोटगी', उर्दूत 'नान-नफका', हिंदीत 'गुजारा भत्ता'. उत्तर आमच्या कपाटातच होतं आणि आपांना आम्ही 'विचारून कळवतो' म्हणून चार दिवस ताटकळत ठेवलं.

त्यानंतर मी एम्बेडिंग मॉडेल बसवलं. नाव अवघड आहे, काम समजायला सोपं आहे. वाक्य आत टाकलं की आकड्यांची एक रांग बाहेर येते. मी वापरलेल्या मल्टिलिंग्वल ई-फाइव्हच्या मधल्या आवृत्तीत ती 768 आकड्यांची असते. ती त्या वाक्याच्या अर्थाचा पत्ता समजा. प्रश्न-उत्तराच्या, भाषांतराच्या असंख्य जोड्या दाखवून मॉडेलला शिकवलेलं असतं की जोडीतल्या वाक्यांचे पत्ते जवळ आले पाहिजेत, बाकीचे लांब. त्यामुळे 'पोटगी' आणि 'नान-नफका' यांत एकही अक्षर सारखं नसलं, लिपी वेगळी असली, तरी ते एकाच मोहल्ल्यात राहायला येतात. शोध म्हणजे प्रश्नाचा पत्ता काढायचा आणि शेजारी कोण राहतं ते पाहायचं.

हे सगळं माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. मॉडेल फुकट उतरवता येतं, साधारण एक जीबीचं आहे. पैशापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते : आपांचा निरोप कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर जात नाही.

आता माझ्या चुका. पहिली हसण्यासारखी आहे. साम्याचा गुण 0.7 च्या वर असेल तरच टिपण दाखव, असं मी ठरवलं. सगळीच टिपणं पास! रेशनकार्डाचं टिपणसुद्धा पोटगीच्या प्रश्नाला. या मॉडेलचे गुण मुळातच 0.7 ते 1 च्या दरम्यान गर्दी करतात, हे त्याच्या माहितीपत्रात लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. गुणापेक्षा क्रम पाहायचा असतो. प्रश्नाआधी आणि टिपणाआधी इंग्रजीत अनुक्रमे 'क्वेरी' आणि 'पॅसेज' असं लेबल लावायचं असतं, तेही तिथेच होतं. शिवाय ते एका वेळी 512 तुकड्यांपर्यंतच वाचतं. शब्दांचे तुकडे, शब्द नव्हेत. लांबलचक निकाल दिला की तक्रार न करता शेपूट कापून टाकतं, आणि निकालाचं महत्त्वाचं तर शेपटीतच असतं. म्हणून परिच्छेद पाडून द्यायचे.

दुसरी चूक हसण्यासारखी नाही. 'तलाक झालेला नाही, पण खर्च देत नाही' असा प्रश्न होता आणि वर आलं ते तलाक झालेल्या बाईसाठीचं टिपण. मॉडेलच्या दृष्टीने 'झाला' आणि 'झाला नाही' ही अगदी शेजारची घरं आहेत, कारण दोन्हींचा विषय एकच. कायद्यात मात्र दोघींचे मार्ग सगळीकडे एक नाहीत. आमच्या कार्यकर्त्याने ते टिपण वाचून दाखवायला सुरुवात केली, आणि पलीकडून त्या खाला म्हणाल्या, 'बेटा, मुझे तलाक किसने दिया?' तेव्हापासून निकाह कायम आहे का, हे आधी माणूस विचारतो आणि त्या खणातलीच टिपणं शोधली जातात. यंत्र तीन टिपणं पुढे ठेवतं. उत्तर यंत्र देत नाही.

कलमांच्या आकड्यांचंही तसंच. पोटगीचं जुनं कलम 125. 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 144 झालं. तलाकशुदा मुस्लिम बाईलाही 125 खाली दाद मागता येते, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच महिन्यात, 10 जुलैला आला. म्हणजे निकाल शोधायचे 125 ने, अर्ज लिहायचा 144 ने. आकडा 'अर्थाने' शोधायला गेलात तर फसाल. त्यासाठी जुना शब्दशः शोधच बरा. आम्ही दोन्ही शोध चालवतो आणि याद्या एकत्र करतो.

एक गोष्ट मात्र मला टोचते. ई-फाइव्ह ज्या एक्सएलएम-रोबर्टावर उभं आहे, त्याला इंग्रजी अक्षरांतली हिंदी आणि उर्दू वेगळी शिकवलेली आहे. इंग्रजी अक्षरांतली मराठी त्या यादीत नाही. आणि आपण तर रोज तेच टाइप करतो! घरी बोलतो त्या दखनीचं तर विचारूच नका.

म्हणून दाराशी एक वही ठेवली आहे. नवरा घरखर्च देत नसेल तर तुमच्या घरात, तुमच्या गावात बाया ते कसं सांगतात, तसंच्या तसं वाक्य लिहा. व्याकरण सुधारू नका, नावं लिहू नका. त्या वाक्यांवर मी मॉडेल तपासणार आहे. पहिलं वाक्य माझ्या अम्मीचं आहे : 'घर में आटा है के नै, पूछता बी नै.' त्यात खर्चा नाही, नफका नाही, पोटगी तर नाहीच. योग्य टिपण सातव्या क्रमांकावर आलं.