मास्क घ्या, रेग्युलेटर मागू नका!

(मंडळाच्या सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



'माझा छंद' या कार्यक्रमात बोलायला बोलावलंत, त्याबद्दल आयोजकांचे मनापासून आभार. शिक्षणाने मी कॉम्प्युटर इंजिनिअर, पेशाने आयटी कन्सल्टंट. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस खुर्चीत आणि सहाव्या दिवशी जमलं तर पाण्याखाली! दुबईहून दीडेक तास गाडी हाकली की फुजैरा-खोरफक्कानचा किनारा लागतो. दिब्बा रॉक, मार्टिनी रॉक, स्नूपी आयलंड या जागा आपल्यापैकी काहींना ठाऊक असतील. पण आज मी कासवं आणि माशांविषयी बोलणार नाही. कारण मला लोक सगळ्यांत जास्त विचारतात तो प्रश्न वेगळाच असतो. "अरे, तुझं ते स्कूबाचं सामान दोन दिवस मिळेल का? भाचा आलाय पुण्याहून."

आता बघा, परदेशातला आपला संसार निम्मा उसनवारीवरच चालतो. गणपतीला मोठं पातेलं एकाकडून येतं, सतरंज्या दुसऱ्याकडून. बाळाची कार सीट तर चार घरं फिरून पाचव्या घरी पोचते. नवीन आलेल्या कुटुंबाला गादीपासून मिक्सरपर्यंत सगळं आपणच पुरवतो, आणि ते तसंच असावं. अशा गोतावळ्यात 'नाही' म्हणणारा माणूस लगेच चिकट ठरतो. आमच्या सौ.चं म्हणणं, "एवढं महागाचं आहे म्हणून देत नाही, असंच लोकांना वाटतं." म्हणून आज जाहीर सांगतो, प्रश्न किमतीचा नाही. किमतीचा असता तर सोपं होतं, हरवलं तर भरून द्या म्हटलं असतं.

आधी सामान म्हणजे काय ते पाहू. मास्क, फिन्स, वेटसूट हा झाला एक गट. दुसऱ्या गटात तीन वस्तू. टँकमधली हवा आपल्याला श्वास घेता येईल अशा दाबाने देणारा रेग्युलेटर, हवा भरता-सोडता येणारं जॅकेट म्हणजे बीसीडी, आणि मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर. पहिल्या गटातलं काहीही खुशाल घेऊन जा. मास्क चेहऱ्याला बसला नाही तर नाकात पाणी जाईल, फिन्स सैल असतील तर पाय दुखेल. फार तर स्नॉर्केलिंगची मजा थोडी कमी होईल.

दुसऱ्या गटाची गोष्ट निराळी, आणि त्यामागे सरळ शाळेतलं फिजिक्स आहे. समुद्रात दर १० मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे पृष्ठभागावर १, तर १० मीटरवर २. रेग्युलेटर आपल्याला त्या खोलीवरच्या दाबाची हवा देतो, म्हणून तर छाती फुलवता येते. पण १० मीटरवर छातीत घेतलेली ४ लिटर हवा श्वास रोखून वर आणली, तर पृष्ठभागाशी तिचे ८ लिटर होतात. बॉइलचा नियम, १६६२ सालचा! छाती काही दुप्पट होत नाही. फुप्फुस फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात, मेंदूपर्यंत जाऊ शकतात. म्हणून प्रशिक्षणातला पहिला नियम असतो, श्वास कधीही रोखायचा नाही.

आता न शिकलेला माणूस पाण्याखाली घाबरला की काय करतो? श्वास रोखतो आणि वर पळतो. यात त्याची चूक नाही, शरीराचा स्वभावच तसा आहे. तो स्वभाव मोडायला शिकावं लागतं.

म्हणूनच मला सगळ्यांत जास्त भीती समुद्राची नाही, आपल्या सोसायटीच्या स्विमिंग पूलची वाटते. एका वाढदिवसाला एका गृहस्थांनी मला विचारलं, "समुद्रात नको रे, पूलमध्येच तर आहे. मुलाला जरा टँक लावून बसू दे ना तळाशी, फोटो काढतो." मुलगा आठ वर्षांचा. मंडळी, प्रमाणात पाहिलं तर दाबातला सर्वांत मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच पडतो. टँकमधल्या हवेने भरलेली छाती घेऊन, श्वास रोखून, सव्वा-दीड मीटरवरून वर आलं तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणजे पूल पुरेसा खोल आहे! शिवाय पाडीसारख्या संस्थेच्या ज्युनिअर ओपन वॉटर कोर्सला किमान वय १० आहे, ते उगाच नाही. मी नाही म्हटलं. गृहस्थ दोन महिने बोलले नाहीत, नंतर बोलू लागले.

दुसरा नेहमीचा युक्तिवाद म्हणजे, "त्याने मालवणला केलंय की!" तारकर्ली-मालवणचा अनुभव सुंदरच असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास कितीतरी मराठी माणसांनी पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेतला. पण तिथे काय होतं ते आठवा. काही मीटरच खोली, आणि प्रशिक्षकाने आपल्याला पूर्ण वेळ धरलेलं. हवा किती उरली ते तो बघतो, जॅकेटची बटणं तोच दाबतो. आपण फक्त मासे बघतो. विमानात खिडकीपाशी बसलं म्हणून विमान चालवता येत नाही, तसंच हे.

"बरं, पण माझ्याकडे सर्टिफिकेट आहे," असं कोणी म्हणालं तर? तिथेही मी थोडा खोडा घालतो. एका ट्रिपला आमच्या बोटीवर एक जण होता. रीतसर शिकलेला, पण सामान मित्राचं आणलेलं. शिकला होता कमरेच्या शिशाच्या पट्ट्यावर. उसन्या जॅकेटमध्ये मात्र शिसं आतल्या खिशांत होतं. डाइव्ह संपवून वर आला, दमला, लाट तोंडावर आली. वजन टाकायचं म्हणून कमरेला पट्ट्याचं बक्कल चाचपत राहिला, आणि बक्कल तिथे नव्हतंच! डाइव्हमास्टरने जाऊन खिसे ओढून काढले तेव्हा तो नीट तरंगला. चार घोट खारं पाणी पोटात गेलं, बाकी काही नाही. पण तो माणूस अडाणी नव्हता आणि जॅकेटही बिघडलेलं नव्हतं. दोघांची ओळख नव्हती, इतकंच.

आपल्याकडे म्हण आहे, 'धर्माची गाय आणि दात का गं नाय.' फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढू नये, हा आपला शिष्टाचार. त्यामुळे उसनं घेणारा सामान तपासायलाच लाजतो. शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं, हे विचारणं त्याला उद्धटपणाचं वाटतं. पाण्याखाली मात्र गायीचे सगळे दात मोजायचे असतात!

कॉम्प्युटरचं तर विचारूच नका. माणसाच्या शरीरात किती नायट्रोजन साठला, याचा हिशेब तो आधीच्या डाइव्हवरून मांडतो. सकाळी तुम्ही दुसऱ्या सामानावर दोन डाइव्ह केल्या आणि दुपारी माझा कोरा कॉम्प्युटर घातला, तर तो तुम्हाला ताजेतवाने समजून जास्त वेळ देणार. मी तो ३२ टक्के ऑक्सिजनच्या नायट्रॉक्सवर लावून ठेवला असेल आणि तुम्ही साध्या हवेवर उतरलात, तरी तेच. आमच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याच्या लॉगिनने काम केल्यासारखं. फरक एवढाच, इथे चुकीची नोंद शरीरात होते.

मग मी काय करतो? माझे साधे नियम सांगतो.

मास्क, फिन्स, वेटसूट कोणालाही. फक्त गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून परत करा.

न शिकलेल्याला रेग्युलेटर-बीसीडी नाही, पूलमध्येही नाही. त्याऐवजी मी स्वतः गाडीने डाइव्ह सेंटरला घेऊन जातो, प्रशिक्षकाबरोबरची पहिली डाइव्ह करवतो. पाहुणा जवळचा असेल तर फी माझ्याकडून.

शिकलेल्याला देतो, पण मी त्याच बोटीवर असेन तरच. आधी पूलमध्ये अर्धा तास. शिसं कुठे आहे, हवा कशी सोडायची, दुसरं माउथपीस कुठे लटकतंय, हे त्याने डोळे मिटून हाताने दाखवायचं. सर्व्हिसिंगची पावती मी न मागता दाखवतो. माउथपीस नवीन बसवून देतो, स्वस्तात मिळतं. दोन-चार वर्षांत पाण्यात उतरला नसेल, तर आधी सेंटरवर उजळणी.

आणि परतीचं विमान कधी, हे विचारतो. एकाहून जास्त डाइव्ह केल्या तर उड्डाणापूर्वी किमान १८ तास थांबावं असा सर्वसाधारण दंडक आहे. पाच दिवसांच्या पाहुण्यांच्या हे लक्षातच नसतं.

कॉम्प्युटर कोणालाच नाही. तो सेंटरवर भाड्याने मिळतो.

'भीड भिकेची बहीण' असं आपली आजी म्हणायची. इथे भीड त्याहून वाईट गोष्टीची बहीण होऊ शकते. ज्याला मी नाही म्हणतो, तो बहुधा माझ्या मित्राचा भाचा असतो, कोणाच्या तरी लेकीचा नवरा असतो. त्याच्या आईला फोन करायची वेळ माझ्यावर यावी, यापेक्षा त्याने मला चिकट म्हणावं, हे मला चालतं.

तेव्हा मंडळी, जरूर मागा. माझ्या गाडीच्या डिकीत मास्क आणि फिन्सचे तीन जोड कायम असतात, लहान मुलांच्या मापाचा एक वेगळा. आठवडाभर आधी फोन केलात तर शनिवार मोकळा ठेवीन आणि बरोबर येईन. येताना डबा मात्र तुमच्याकडून!