बाई, माझं प्रकरण कुठाय?

आजचा भाग जरा टेक्निकल आहे, पण सुरुवात माझ्या आईपासून करतो.

आई बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. रिटायर झाल्यावर तिनं पुस्तक लिहिलं. २२ प्रकरणं, आणि प्रत्येक प्रकरण एका विद्यार्थ्यावर. आईबापांसोबत ऊसतोडीला जाणारी, कारखाना बंद झाला की परत येऊन वर्गात बसणारी पोरं. छापायचा खर्च परवडणारा नव्हता. मी म्हटलं, "आई, ईबुक करू. रविवारी दुपारी होऊन जाईल." रोज कोड लिहिणारा माणूस मी, एका वर्ड फाइलचं काय एवढं!

फाइल तयार झाली, आईच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली. पहिल्या दिवशी अंगठे, जोडलेले हात. मग आठवडाभर शांतता. आई म्हणाली, "आवडलं नसेल रे कुणाला. राहू दे." आणि मग एकाचा फोन आला. आता पुण्यात टेम्पो चालवतो. "बाई, माझ्यावर लिवलंय म्हणं तुमी. माझं प्रकरण कुठाय? लई सरकवलं, सापडंना."

त्याचं प्रकरण होतं १७वं. त्यानं अनुक्रमणिका उघडली, तर तिथं एकच ओळ होती: 'स्टार्ट'. बस्स. पुस्तक लोकांना आवडलं नव्हतं असं नाही, त्यांना ते नीट उघडताच येत नव्हतं. आणि चूक माझी होती.

नेमकं काय चुकलं ते सांगतो, म्हणजे तुमचं चुकणार नाही.

पहिली गोष्ट. फाइलमध्ये प्रकरणाचं नाव मोठं, ठळक आणि मधोमध होतं. तुम्हाला मला ते बघून कळतं की इथं प्रकरण सुरू झालं. सॉफ्टवेअरला कळत नाही. त्याच्या लेखी तो फक्त एक जाड अक्षरातला परिच्छेद. त्याला वेगळं सांगावं लागतं. वर्ड असो की गूगल डॉक्स, प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवा आणि स्टाइलच्या यादीतून 'हेडिंग १' निवडा. दिसायला कसं हवं ते त्या स्टाइलमध्येच एकदा बदला, सगळीकडे बदलतं. आणि हेडिंग १ फक्त प्रकरणाच्या नावालाच द्या. आवडलं म्हणून एखाद्या वाक्याला दिलंत, तर ते वाक्यही अनुक्रमणिकेत जाऊन बसेल.

दुसरी गोष्ट, एंटर. नवीन प्रकरण नव्या पानावर यावं म्हणून आईनं दहा-पंधरा वेळा एंटर मारलं होतं. कागदावर चालतं. ईबुकला पक्कं पान नसतंच. वाचणारा अक्षर लहान-मोठं करतो तसं पान बदलतं. त्यामुळे कुणाच्या फोनवर मधेच कोरी स्क्रीन, कुणाच्या फोनवर शीर्षक तळाशी लटकलेलं. एंटर काढा, पेज ब्रेक टाका.

तिसरी, हातानं टाइप केलेली अनुक्रमणिका. 'प्रकरण १७, पान ९४.' फोनवर पान ९४ म्हणजे काय? प्रत्येकाचं वेगळं. ती यादी काढून टाका. फोनला हवी असते टॅप करता येणारी यादी, आणि ती हेडिंगवरून आपोआप बनते.

हे सगळं केलं, पुन्हा कन्व्हर्ट केलं. अनुक्रमणिकेत काय? 'स्टार्ट'!

इथं माझा अतिशहाणपणा नडला. वर्ड फाइल थेट द्यायचं सोडून मी आधी तिचं एचटीएमएल केलं आणि मग ते कॅलिबरमध्ये टाकलं. कॅलिबर हे फुकट मिळणारं, चांगलं कन्व्हर्टर आहे. पण एचटीएमएलमध्ये प्रकरण ओळखताना त्याची मूळ सेटिंग नुसतं हेडिंग बघत नाही, हेडिंगमध्ये 'चॅप्टर', 'पार्ट', 'सेक्शन' असले इंग्रजी शब्द शोधते. आमच्याकडे होतं 'प्रकरण सतरावे'. ते त्याला कसं कळणार? उपाय दोन. डॉक्स फाइल थेट द्या, मग तो हेडिंगवरून यादी बनवतो. किंवा एचटीएमएलच द्यायचं असेल, तर 'स्ट्रक्चर डिटेक्शन'मध्ये जा, प्रकरण ओळखण्याच्या रकान्याशेजारी जादूच्या कांडीचं बटण आहे, त्यात टॅग म्हणून एचवन निवडा. डिफॉल्ट सेटिंग वाचायची असते, हे मी ऑफिसात ज्युनिअर्सना सांगतो. असो.

आता २२ ओळी आल्या. १८ मराठीत, आणि पहिल्या चार म्हणजे इंग्रजी अक्षरांची खिचडी. ती चार प्रकरणं आईनं फार आधी डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली होती, जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये. त्या फॉन्टमध्ये आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, वरून फक्त मराठीचा मुखवटा. मी तो फॉन्ट फाइलमध्ये घातला होता, म्हणून आतला मजकूर माझ्या फोनवर ठीक दिसत होता. पण अनुक्रमणिका वाचण्याचं अ‍ॅप स्वतःच्या फॉन्टमध्ये दाखवतं, तिथं मुखवटा गळून पडतो. सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलल्यावर वाचूनही बघा, विशेषतः रफार, जोडाक्षरं आणि 'दुसऱ्या', 'तऱ्हा' असले शब्द. आमच्याकडे ते बरेच ठिकाणी मोडले होते. आईनं चष्मा लावून दोन संध्याकाळी बसून दुरुस्त केले.

शेवटची गोष्ट, टेस्टिंग. ईपब म्हणजे खरं तर एक झिप फाइल. आत वेबपेजसारखी पानं आणि अनुक्रमणिकेची एक फाइल. वेबसाइट जशी एकाच लॅपटॉपवर बघून चालत नाही, तसंच हे. एखादा जुना, स्वस्त फोन घ्या. अक्षर सगळ्यात मोठं करा. अनुक्रमणिका उघडा, पहिलं, मधलं आणि शेवटचं प्रकरण टॅप करा. बरोबर जागी उघडलं, तरच पाठवा. मी हे पाच मिनिटांचं काम केलं नाही, आणि आई आठवडाभर समजत राहिली की तिचं लिखाणच वाईट आहे.

नवीन फाइल पाठवली. त्याच रात्री टेम्पोवाल्या दादाचा व्हॉइस मेसेज आला. प्रकरण दोनदा वाचलं म्हणाला. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, एक चुकलंय. तवा मी तिसरीत नव्हतो, चौथीत होतो."

आईनं मला लगेच दुरुस्ती करायला लावली. इतकी खूश मी तिला बऱ्याच दिवसांनी बघितली.

तर मंडळी, तुमच्या घरी कुणी काही लिहून ठेवलं असेल, तर आज ती फाइल उघडा आणि पहिल्या प्रकरणाला हेडिंग १ द्या. बाकीचं त्यानंतर. भेटू पुढच्या भागात!