माहूरची परिक्रमा

श्रावणातली पौर्णिमा आली, की घरोघरी बहीण भावाची वाट बघत असते. माहूरच्या डोंगरात मात्र त्या सुमाराला माणसांची रीघ घर सोडून चिखल तुडवत असते. ही माहूरची परिक्रमा. गडाभोवतीच्या डोंगरांना सागाच्या रानातून पायी घातलेला वेढा. कुणी अनवाणी, कुणी खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेली.

मी एकटाच गेलो होतो. पहिल्याच नाल्यात पाय सटकला. मागून कुणीतरी दंडाला धरून वर ओढलं. "दमानं रे बापू!" ओढणाऱ्या मावशी पैनगंगेपलीकडच्या, यवतमाळकडच्या. त्यांच्या सोबत चालणारं कुटुंब आदिलाबादचं, आणि त्यांची एकमेकांशी ओळख झाली होती त्याच दिवशी! त्या कुटुंबाची मराठी मोडकी, माझं तेलुगू शून्य. तरी शेंगदाणे-गूळ माझ्या हातावर आलाच.

आदिलाबाद आपल्याला परकं वाटतं ते नकाशामुळे. १९५६ पर्यंत किनवट तालुका हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यातच होता, आणि माहूर याच मुलखातलं. राज्यांची पुनर्रचना झाली आणि हा मुलूख नांदेडला जोडला गेला. हद्द सरकली, पण माहूरच्या रेणुकादेवीकडे येणाऱ्या पायांना ते कुणी कळवलं नाही.

तसंही माहूरची कथा वाटसरूचीच. सहस्रार्जुनानं जमदग्नींना मारलं. परशुरामानं कावडीच्या एका पारड्यात वडिलांचा देह ठेवला, दुसऱ्यात आई रेणुकेला बसवलं, आणि अंत्यविधीसाठी कोरी भूमी शोधत तो वणवण फिरला. ती मिळाली इथं. पण विधी सांगणार कोण? दत्तात्रेय आचार्य झाले. बाण मारून पाणी काढलं ते मातृतीर्थ, असं सांगतात. विधी सांगणारं आपलं कुणी नसताना, ज्याच्या दारी आलो त्यानंच आपलं कार्य पार पाडून दिलं. या कथेतला मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग हाच.

आणि दत्तही कुठं एका जागी राहणारे? स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला. म्हणजे इथं तेही मुक्कामालाच येतात! दत्तशिखर, अनसूया आणि रेणुका, तीन शिखरांवर तीन देवस्थानं. शिवाय महानुभावांचं देवदेवेश्वर आहे, सोनापीर बाबांचा दर्गा आहे. कोण कुठं हात जोडायला आलंय, हे चालणाऱ्याच्या पाठीवरून ओळखू येत नाही.

गाडीनं थेट वर गेलं, की रांगेत पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसते. पायी जाणाऱ्याला तसं गप्प राहताच येत नाही. चढ किती उरला, पाणी पुढं कुठं मिळेल, हे विचारावंच लागतं. विचारलं की उत्तर देणारा दोन पावलं सोबत येतो, आणि ती दोन पावलं मग डोंगरभर लांबतात.

शेवटी रेणुकेचं दर्शन झालं. इथला प्रसाद म्हणजे तांबूल, कुटलेला विडा. मावशींनी पुडी उघडली, आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं. आदिलाबादच्या आजोबांच्या तोंडात एकही दात नव्हता. पहिला घास त्यांना.