विजयाआधीची पंधरा वर्षे

(व्याख्यानमालेत ‘क्रीडाक्षेत्रातील गुरू’ या विषयावर दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘क्रीडाक्षेत्रातील गुरू’ असा विषय निघाला की आपल्या मनात आपल्याच मातीतील नावे येतात. तालमीतील वस्ताद आठवतात, आखाड्यातील गुरुजी आठवतात, शिवाजी पार्कच्या मैदानावर पिढ्या घडविणारे रमाकांत आचरेकर आठवतात. मी मात्र आज दूरदेशीच्या एका शिक्षकाची कथा सांगणार आहे. चांगले जेथे दिसेल तेथून घ्यावे आणि आपल्या प्रकृतीला मानवेल असे करून घ्यावे, ही आपली जुनीच रीत आहे. शिवाय या माणसाचा प्रत्येक सामना, प्रत्येक हंगाम नोंदलेला असल्यामुळे त्याचे तत्त्वज्ञान आणि त्याचे यश शेजारी शेजारी ठेवून तपासता येते. हे शिक्षक म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचे प्रशिक्षक जॉन वुडन.

बास्केटबॉल हा खेळ मुळात एका व्यायामशिक्षकाच्या अडचणीतून जन्मला. १८९१ च्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्स प्रांतातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी बंदिस्त सभागृहात मुलांना खेळविण्यासाठी पीचच्या दोन टोपल्या टांगल्या आणि खेळ सुरू झाला. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो प्रथम समाविष्ट झाला. त्याच बर्लिनमध्ये, त्याच वर्षी, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली होती, हे येथे अभिमानाने नमूद केले पाहिजे.

वुडन यांचा जन्म १९१० साली इंडियाना प्रांतातील एका खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. प्राथमिक शिक्षण पूर्ण झाले तेव्हा वडिलांनी त्यांच्या हाती एक चिठ्ठी ठेवली. स्वतःशी प्रामाणिक राहावे, इतरांच्या उपयोगी पडावे, उत्तम ग्रंथ वाचावेत, मैत्री जपावी, ईश्वराचे स्मरण ठेवावे, असा सात गोष्टींचा उपदेश तिच्यात होता. त्या चिठ्ठीची प्रत वुडन यांनी आयुष्यभर जवळ बाळगली. पुढे कुटुंबाची शेती गेली, पण ही मिळकत गेली नाही. पर्ड्यू विद्यापीठात शिकताना ते स्वतः देशातील अग्रगण्य खेळाडूंत गणले गेले. १९३२ साली इंग्रजी विषय घेऊन पदवीधर झाले आणि शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. वर्गात इंग्रजी शिकवायचे आणि सायंकाळी मुलांना खेळवायचे, असा त्यांचा क्रम होता. प्रशिक्षक म्हणून त्यांचे पहिलेच वर्ष पराभवाचे ठरले. जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले अधिक, असे त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीतील ते एकमेव वर्ष.

युद्धकाळात नौदलात सेवा करून परतल्यावर १९४६ मध्ये ते इंडियाना प्रांतातील एका शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात प्रशिक्षक झाले. येथे घडलेला एक प्रसंग सामाजिक समरसतेचे काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. १९४७ साली त्यांच्या संघाला कॅन्सस सिटी येथील राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. स्पर्धेचा नियम असा होता की कृष्णवर्णीय खेळाडूला उतरता येणार नाही. वुडन यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा होता. तो संघातील प्रमुख खेळाडू नव्हता, राखीव खेळाडूंपैकी होता. त्याला घरी ठेवून संघ नेला असता तर कोणी विचारलेही नसते. वुडन यांनी निमंत्रणच नाकारले. पुढच्या वर्षी स्पर्धेने बंदी उठविली, वॉकर त्या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला आणि संघ उपविजेता झाला. या प्रसंगी वुडन यांनी कोणतीही चळवळ पुकारली नाही. आपल्या पंगतीतील एकाला उठवून बाकीच्यांनी जेवायचे नाही, एवढेच त्यांनी ठरविले होते.

१९४८ साली त्यांना दोन मोठ्या विद्यापीठांकडून विचारणा झाली. त्यांचा ओढा मिनेसोटाकडे होता. ठरलेल्या वेळी तेथून दूरध्वनी यायचा होता, पण हिमवादळाने तारा तुटल्या आणि तो आला नाही. त्याच सायंकाळी लॉस एंजेलिसहून, म्हणजे यूसीएलए या विद्यापीठाकडून दूरध्वनी आला. वुडन यांनी होकार दिला. थोड्याच वेळात मिनेसोटाचाही निरोप आला. मनासारखे स्थान समोर होते, पण शब्द गेला होता. ते लॉस एंजेलिसला गेले आणि पुढील सत्तावीस वर्षे तेथेच राहिले.

मित्रहो, आता माझ्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. वुडन यांच्या नावावर दहा राष्ट्रीय अजिंक्यपदे आहेत. १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा, त्यांपैकी १९६७ ते १९७३ अशी सलग सात. चार हंगामांत त्यांचा संघ एकही सामना हरला नाही. १९७१ ते १९७४ या काळात त्याने सलग ८८ सामने जिंकले. पुरुषांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये हे विक्रम आजही अबाधित आहेत. वृत्तपत्रे हे आकडे छापतात. मी वृत्तपत्रव्यवसायातलाच असल्यामुळे मला ठाऊक आहे की आम्ही कोणता आकडा छापत नाही. वुडन १९४८ साली आले आणि पहिले अजिंक्यपद १९६४ साली मिळाले. मध्ये पंधरा हंगाम राष्ट्रीय अजिंक्यपदाविना गेले. या पंधरा वर्षांची बातमी होत नाही.

त्या काळात त्यांना धड क्रीडागृहही नव्हते. जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरील कोंदट व्यायामशाळेत सराव चाले. तेथेच मल्लही मेहनत करीत, जिम्नॅस्टही कसरती करीत. सरावापूर्वी वुडन स्वतः फरशी पुसून घेत. हे वाचताना मला आपले शिक्षक आठवतात, जे वेळेआधी येऊन मैदान झाडतात, फक्की मारून रेघा आखतात आणि मुले येईपर्यंत घाम पुसून उभे असतात. मुले भाषण विसरतात, पण मैदान कोणी झाडले होते हे विसरत नाहीत.

वुडन यांचा पहिल्या दिवसाचा पहिला पाठ चेंडूचा नसे, तो पायमोजे घालण्याचा असे. देशभरातून निवडून आलेली, सहा-सात फूट उंचीची मुले समोर बसत आणि गुरुजी त्यांना मोजे कसे ओढावे, टाचेपाशी सुरकुती राहू नये म्हणून काय करावे, बुटाची नाडी कशी बांधावी, हे दाखवीत. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव चुकतो, सराव चुकला की सामना जातो, अशी त्यामागची साधी कारणमीमांसा होती. सराव दोन तासांचा असे. कोणत्या मिनिटाला काय करायचे हे ते सकाळी बसून छोट्या कार्डावर लिहून आणीत. १९७४-७५ च्या हंगामात दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांचे सराव बारकाईने नोंदले. २,३२६ शिक्षणकृतींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश निव्वळ माहिती होती, म्हणजे काय करायचे आणि कसे करायचे. स्तुती जेमतेम सात टक्के, रागावणेही जवळजवळ तेवढेच. मुलांना सतत शाबासकी द्यावी की सतत धाक दाखवावा, या वादात आपण पालक वर्षे घालवितो. या शिक्षकाने दोन्ही बाजूला ठेवून शिकविण्याचे काम केले.

जिंकण्याविषयी ते बोलतच नसत, असे त्यांचे खेळाडू सांगतात. यशाची त्यांची व्याख्या निराळी होती. आपल्या कुवतीप्रमाणे उत्तमात उत्तम होण्याचा पूर्ण प्रयत्न केला, या जाणिवेतून लाभणारी मनःशांती म्हणजे यश. ही व्याख्या त्यांनी १९३४ साली, शाळामास्तर असताना केली. कारण होते पालकांचे गुणांवरून रागावणे! पुढे चौदा वर्षे चिंतन करून त्यांनी पंधरा शिळांचा एक यशाचा मनोरा रचला. पायाच्या शिळांत उद्योगशीलता, मैत्री, निष्ठा, सहकार्य आणि उत्साह आहेत. स्पर्धेतील श्रेष्ठत्व शिखराजवळ आहे, पायात नाही. वुडन श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि त्यांच्या विचाराचे मूळ त्यांच्या धर्मग्रंथात होते. पण फळावरची नजर काढून कर्मावर स्थिर करणे ही गोष्ट गीता घरात असणाऱ्या कोणालाही परकी वाटणार नाही. आपली अडचण एवढीच की आपण ती पारायणात ठेवतो, ते ती सरावात उतरवीत.

पहिले अजिंक्यपद मिळविणाऱ्या १९६४ च्या संघातील एकही प्रमुख खेळाडू साडेसहा फूट उंच नव्हता. उंचीची उणीव सर्वांनी मिळून संपूर्ण मैदानभर केलेल्या दबावाच्या बचावाने भरून काढली. हा डाव वापरण्याचा आग्रह त्यांच्या साहाय्यकाने, जेरी नॉर्मन यांनी धरला होता. गुरूने साहाय्यकाचे ऐकले, हाही त्या विजयाचा भाग आहे. दुसऱ्याच्या पासवर गुण मिळविणाऱ्याने पास देणाऱ्याकडे खूण करून कृतज्ञता व्यक्त करावी, असा वुडन यांचा दंडक होता.

नंतर ल्यू अल्सिंडॉर आला, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगप्रसिद्ध झाला. त्यानंतर बिल वॉल्टन आला. वॉल्टन बंडखोर होता, व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांत त्याला अटकही झाली होती. एकदा तो लांब केस राखून सरावाला आला आणि केस राखण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे म्हणाला. वुडन यांनी त्याच्या ठामपणाचे कौतुक केले आणि संघाला तुझी उणीव भासेल, एवढेच शांतपणे सांगितले. देशातील सर्वोत्तम खेळाडू सायकल काढून केशकर्तनालयाकडे धावला. हाच वॉल्टन पुढे आपल्या मुलांच्या डब्याच्या पिशव्यांवर गुरूची वचने लिहून देत असे. २०२४ मध्ये त्याचे निधन झाले, तोवर तो वुडन यांच्याविषयी पुत्रवत बोलत राहिला.

या चरित्राला एक छाया आहे आणि ती झाकणे योग्य होणार नाही. संघ शिखरावर असताना लॉस एंजेलिसमधील एक धनाढ्य बांधकाम व्यावसायिक खेळाडूंचा ‘हितचिंतक’ झाला. नियमबाह्य सवलती दिल्या गेल्याचे आरोप झाले आणि १९८१ साली विद्यापीठावर कारवाई झाली. वुडन १९७५ सालीच निवृत्त झाले होते. त्यांच्यावर ठपका आला नाही. निवृत्तीच्या वर्षीही त्यांचा वार्षिक पगार पस्तीस हजार डॉलरच्या आत होता, त्यामुळे त्यांच्या हातांविषयी कोणाला शंका नव्हती. तरीही प्रश्न उरतोच. आपले हात स्वच्छ आहेत एवढ्यावर प्रमुखाची जबाबदारी संपते काय? संस्था लहान असते तेव्हा तिच्या दारात कोणी येत नाही. ती जिंकू लागली की हितचिंतकांची रीघ लागते. पंधरा वर्षे तप केलेल्या माणसाच्या अंगणातही हे घडू शकते, तर यशाच्या काळात आपण सर्वांनी किती जागे राहिले पाहिजे, याचा विचार कार्यकर्त्यांनी अवश्य करावा.

१९७५ च्या उपान्त्य सामन्यानंतर वुडन यांनी खेळाडूंना निवृत्तीचा निर्णय सांगितला. अंतिम सामन्यात केंटकीचा ९२-८५ असा पराभव करून संघाने त्यांना दहावे अजिंक्यपद अर्पण केले. १९८५ मध्ये पत्नी नेल यांचे निधन झाले. त्यानंतर दर महिन्याच्या एकवीस तारखेला ते तिला पत्र लिहीत. ४ जून २०१० रोजी, वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. उतारवयात त्यांच्या छोट्या सदनिकेत जुन्या विद्यार्थ्यांची सतत ये-जा असे.

बंधू-भगिनींनो, आज एखाद्या प्रशिक्षकाला पंधरा वर्षे कोण देईल? दोन हंगाम हरला की व्यवस्थापन त्याला बदलते. घटक चाचणीत गुण घसरले की आपण मुलाची शिकवणी बदलतो. क्रीडागुणांच्या सवलतीपुरते मैदान वापरतो आणि दहावी झाली की बूट माळ्यावर टाकतो. शाखेतही संख्या किती, हे प्रथम विचारले जाते, मुलगा काय शिकला हे नंतर. माणूस घडविण्याचे काम करतो असे म्हणणाऱ्यांनी त्या कामाला लागणारा वेळ मान्य केलाच पाहिजे. बी पेरून रोज माती उकरून पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती पीक लागत नाही.

म्हणून माझी दोन विनवण्या आहेत. मुलगा-मुलगी मैदानावरून घरी आली की ‘जिंकलीस का?’, ‘जिंकलास का?’ हे विचारण्याआधी ‘आज काय शिकलात?’ हे विचारा. आणि आपल्या गावात, आपल्या वस्तीत जो शिक्षक कोणत्याही चषकावाचून वर्षानुवर्षे मुलांना खेळवितो आहे, त्याच्याकडे या आठवड्यात एकदा जाऊन या. त्याचे पंधरावे वर्ष चालू असेल. सोळावे यायचे असेल तर तो टिकला पाहिजे आणि त्याला टिकविणे हे आपले काम आहे.