शेत माझं, डोंगर आपला

मला लिहायला दिलेला विषय होता : ‘व्यक्ती की समूह? अर्थकारण आणि राजकीय निर्णय’. वाचून कॉलेजातली वादविवाद स्पर्धा आठवली. एकाने अनुकूल बोलायचं, दुसऱ्याने प्रतिकूल, आणि ढाल कुणीतरी घरी न्यायची. ते टाळायचं म्हणून आज तुम्हाला थेट जामसरला नेतो.

जामसर हे पालघर जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यातलं गाव. शेजारचा तालुका मोखाडा. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचा हा मुलूख. खाचरात भात, उतारावर नागली आणि वरई. ही नागली होते कशी? उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या छाटायच्या, पाला, गवत, शेण जमिनीच्या तुकड्यावर पसरायचं आणि भाजायचं. याला म्हणतात राब. त्या राखेत बी पेरायचं, रोपं तरारली की आवणी. शेत एका घराचं असतं, पण राबाचा पाला डोंगरातून येतो, आणि डोंगर कुणा एकाचा नसतो. तो उघडाबोडका झाला तर कागदावर जमीन नावावर असून नागली उगवत नाही.

2006 च्या वनहक्क कायद्यात म्हणूनच दोन दावे आहेत. कसत असलेल्या वनजमिनीवर, जास्तीत जास्त 4 हेक्टरपर्यंत, कुटुंबाचा वैयक्तिक हक्क, तोही नवरा-बायको दोघांच्या नावे. आणि परंपरेने राखलेल्या जंगलावर ग्रामसभेचा सामूहिक हक्क. लोकांची धाव आधी पहिल्याकडे, आणि त्यात चूक काहीच नाही. कसत्या वनजमिनीच्या प्लॉटवरून हुसकावलं जाण्याची भीती ज्याने पिढ्यान्‌पिढ्या सोसली, तो आधी प्लॉटच वाचवणार. दुसऱ्या हक्काचं काम चिकाटीचं; जव्हार भागात वयम् चळवळीने ते धरून ठेवलं आहे.

वैयक्तिक हक्काचा हा प्लॉट वारसाकडे जातो, विकता मात्र येत नाही. बाजारवादी मित्र विचारतात, मग ही कसली मालकी? त्यांना जुन्या ठाणे जिल्ह्यातली सावकारीची आठवण करून द्यावी लागते. जमिनी हातून गेल्या आणि वारली आपल्याच शेतात वेठबिगार झाला.

मग सगळ्यांचा डोंगर टिकतो का? 1968 साली पर्यावरण-अभ्यासक गॅरेट हार्डिन यांनी मांडलं की सामायिक कुरण अखेर उजाड होतंच, कारण प्रत्येकजण एक जनावर जास्त सोडतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी प्रत्यक्ष गावांचे अभ्यास तपासले. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेलमध्ये 1517 पासूनचा नियम : हिवाळ्यात जितक्या गाई पोसू शकता, तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावर न्या. त्यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हार्डिन यांचं कुरण बेवारशी होतं. टोर्बेलच्या कुरणाला धनी होते, बरेच होते इतकंच.

पण समूहाचे गोडवे गाताना माझी जीभ थोडी अडखळते. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गाव हे एकक नाकारलं आणि व्यक्ती स्वीकारली. गाव कुणाला विहिरीवरून हाकलतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखात निर्णय सर्वसहमतीने होतात, 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्कही गावाला मिळाला. मला त्या गावाबद्दल मनापासून आदर आहे. तरी सर्वसहमतीच्या कुठल्याही बैठकीत मी मागच्या रांगेकडे बघतो : गप्प बसलेल्या बाईचा होकार कुणी गृहीत तर धरला नाही?

वनहक्काच्या नियमांना ही शंका आलेली दिसते. ग्रामसभेला निम्मे सभासद हजर हवेत, त्यांत किमान एक तृतीयांश बायका. कागदावर सोपं आहे. पण दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातली घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे. पाड्यात उरतात म्हातारीकोतारी. राबासाठी कुठली झाडं छाटायची आणि कुठली राखायची, हे उन्हाळ्याआधी ठरवायचं असतं, आणि ठरवणारे नेमके भट्टीवर असतात. तिकडे सभा बोलवायची तर होळीच्या दिवसांत बोलवावी. तेव्हा भट्टीवरची माणसंही घरी येतात.