बहिष्काराची किंमत कोणी मोजावी?

(कारधा येथील कार्यकर्ता-शिबिरात झालेले भाषण)



शिबिराच्या पहिल्या दिवशी एका तरुण साथीने असा ठराव मांडला की, जेथे मानवी हक्कांची पायमल्ली होते तेथील क्रीडास्पर्धांवर आपल्या खेळाडूंनी, निदान एरवी निर्भयपणे बोलणाऱ्या खेळाडूंनी तरी, बहिष्कार घालावा असे आवाहन पक्षाने करावे. ठरावावर मत घेण्यापूर्वी त्याचा साधकबाधक विचार व्हावा म्हणून मला बोलावयास सांगण्यात आले आहे. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले; मैदानाशी माझा संबंध प्रेक्षकापुरता. तेव्हा मी हा प्रश्न माझ्या शास्त्राच्या सवयीने विचारणार आहे : बहिष्काराने नेमके काय साधते, आणि त्याची किंमत कोण मोजतो?

खेळात राजकारण आणू नये, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर देण्यासाठी दूर जावयास नको. मुंबईचे प्रसिद्ध चौरंगी क्रिकेट सामने हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन अशा संघांमध्ये होत. संघच धर्मानुसार पाडलेले असताना राजकारण बाहेरून आणण्याची गरज ती काय! आणि त्या हिंदू संघाच्या आतही जात होतीच. पालवणकर बाळू हा त्या काळचा श्रेष्ठ डावखुरा गोलंदाज. १९११ सालच्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. परंतु तो चांभार समाजातला. त्याच्या हातचा चेंडू सवर्ण सहकाऱ्यांना चाले. त्याने आपल्या पंक्तीला बसून चहा घ्यावा, हे मात्र पुण्याच्या क्लबात प्रारंभी चालत नसे. त्याला चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे. इतकी वर्षे खेळूनही कर्णधारपद त्याच्याकडे कधी आले नाही.

१९२० साली हिंदू संघाचे कर्णधार पै आजारी पडले. त्या वेळी बाळूचा धाकटा भाऊ विठ्ठल याला डावलून दि. ब. देवधर यांच्याकडे नेतृत्व देण्यात आले, आणि बाळूला तर संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम ह्या दोघा भावांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. माझ्या माहितीप्रमाणे हक्काच्या प्रश्नावर मराठी खेळाडूंनी टाकलेला हा पहिला मोठा बहिष्कार होय. त्याचा परिणाम झाला. अंतिम सामन्यासाठी बाळूला उपकर्णधार म्हणून परत घेण्यात आले, दोघे भाऊही परतले आणि पै काही काळ मैदानाबाहेर गेले असता संघाचे नेतृत्व बाळूने केले. पुढे १९२३ साली विठ्ठल रीतसर कर्णधार झाला, त्याच्या संघाने युरोपियनांना हरविले आणि सवर्ण प्रेक्षकांनी त्याला खांद्यावर घेतले.

हा बहिष्कार यशस्वी का झाला? अन्याय दूरच्या कोठल्या देशातला नव्हता; ज्या संघात ते खेळत त्याच संघात तो होता. मागणी स्पष्ट होती आणि ती पुरी करणे संघाच्या चालकांच्या हाती होते. शिवाय ह्या भावांवाचून संघाचे चालणार नव्हते, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक होते. आपल्या जिल्ह्यातील विडी कामगारांना हे शास्त्र शिकवावे लागत नाही. एकट्या बाईने छाटीविरुद्ध तक्रार करून पाने परत केली, तर सट्टेदार ती पाने शेजारच्या दारी नेऊन टाकतो. साऱ्या गावाने परत केली, तर त्याला ओट्यावर बसून बोलणी करावी लागतात. बहिष्कार हा संपच आहे. ज्याच्या जागी दुसरा सहज मिळतो त्याचा एकट्याचा संप म्हणजे राजीनामा ठरतो.

आता त्याच सामन्यांचे पुढचे पर्व पाहा. १९३७ साली चौरंगीचे पंचरंगी सामने झाले. त्या वर्षी हिंदू संघ स्पर्धेत उतरला नाही. कारण काय, तर नव्या ब्रेबॉर्न स्टेडियममधील जागांच्या वाटपाविषयीचा वाद! म्हणजे जिमखान्यांना बहिष्काराचे वावडे नव्हते. खुर्च्यांसाठी तो त्यांना चालत होता. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी आपल्याच विदर्भात, वर्ध्याला, गांधीजींना भेटावयास गेले. सत्याग्रही तुरुंगात असताना असे सामने व्हावेत का, आणि मुळात खेळात धर्माप्रमाणे संघ का असावेत, असा गांधीजींचा आक्षेप होता. हे सामने थांबावेत असे म्हणणाऱ्यांच्या बाजूस आपली सहानुभूती असल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. त्या वर्षी हिंदू संघ खेळला नाही. पुढील वर्षी मात्र तो परत आला, प्रेक्षकही आले आणि १९४५-४६ च्या हंगामापर्यंत ही स्पर्धा तग धरून राहिली. गांधीजींचा शब्दही ती एका फटक्यात बंद करू शकला नाही, कारण तिकिटाची खिडकी उघडीच होती. ज्या प्रेक्षकाच्या पैशावर स्पर्धा उभी असते तो जागचा हलला नाही, तर खेळाडूच्या माघारीने पडलेली पोकळी दुसरा कोणी भरून काढतो.

ह्याच्या उलट उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. वर्णद्वेषाच्या निषेधार्थ भारताने १९४६ साली त्या देशाशी व्यापार तोडला. असे करणारे आपण पहिले. त्या वेळी आपल्या निर्यातीचा सुमारे पाच टक्के हिस्सा तिकडे जात होता. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील एका दरिद्री देशाने ही झीज सोसली. १९७४ साली पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत गेला आणि समोर दक्षिण आफ्रिका आली. भारत खेळला नाही. चषक न खेळताच प्रतिपक्षाला मिळाला. विजय आणि आनंद अमृतराज ह्या ऐन विशीतल्या भावांच्या हातची संधी गेली. निर्णय सरकारचा होता, किंमत त्यांनी मोजली. तरी मी तो निर्णय योग्य मानतो, आणि त्याची कारणे आहेत. तेथील पीडित जनता स्वतःच हा बहिष्कार मागत होती. वर्णद्वेषी संघनिवड हा त्या राजवटीचाच भाग होता. आणि खेळाडूंकडे त्याग मागण्यापूर्वी देशाने अठ्ठावीस वर्षे स्वतः तो केला होता.

ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. १९८० साली अफगाणिस्तानच्या प्रश्नावर अमेरिकेच्या पुढाकाराने मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार पडला. अनेक देशांच्या खेळाडूंची आयुष्यभराची तयारी वाया गेली. सोव्हिएत फौजा मात्र १९८९ साली परतल्या. १९८४ साली सोव्हिएत गटाने लॉस एंजेलिसवर बहिष्कार टाकून उट्टे काढले. सरकारांनी आपले भांडण खेळाडूंच्या खर्चाने भांडले, एवढाच ह्याचा हिशोब निघतो.

अलीकडचे उदाहरण आपणा सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया हे कुस्तीपटू महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवरील लैंगिक छळाच्या आरोपांची चौकशी व्हावी म्हणून जंतर-मंतरवर बसले. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना तेथून फरफटत नेले. ३० मे रोजी ते आपली पदके गंगेत सोडण्यासाठी हरिद्वारला गेले; शेतकरी नेत्यांनी त्यांना थांबविले. १९८३ च्या विश्वविजेत्या क्रिकेट संघातील अनेक खेळाडूंच्या वतीने पाठिंब्याचे निवेदन निघाले. परंतु आज ज्यांच्या एका शब्दाने देश थबकला असता, त्यांच्यातील बहुतेक जण गप्प राहिले. २१ डिसेंबर २०२३ रोजी साक्षीने आपले बूट टेबलावर ठेवून कुस्ती सोडली. अन्याय त्यांच्याच आखाड्यातला होता, मागणी स्पष्ट होती. १९२० च्या पालवणकर बंधूंशी त्यांचे साम्य आहे. उणीव होती ती शेजारच्या घरांनी पाने परत करण्याची.

साथींनो, आपल्या ठरावात ज्या खेळाडूला आवाहन आहे तो कोण, ह्याचाही विचार करा. नामांकित क्रिकेटपटूला एक स्पर्धा सोडणे परवडते. परंतु वैनगंगेच्या काठच्या एखाद्या गावातून कबड्डी खेळत राज्य संघापर्यंत गेलेल्या मुलीला स्पर्धेचे प्रमाणपत्र म्हणजे शासकीय नोकरीतील पाच टक्के खेळाडू-आरक्षणाचा दरवाजा असतो. तिला आपण सभेच्या व्यासपीठावरून “बहिष्कार घाल” म्हणून सांगणार, आणि संध्याकाळी घरी जाऊन तोच सामना पाहणार, हे न्यायाचे नव्हे. बोलणाऱ्या खेळाडूवरच बहिष्काराचे ओझे टाकले, तर उद्या कोणी बोलणारच नाही. मौनाला काही खर्च नाही आणि वाणीला दंड, असा बाजार आपणच मांडू.

आणखी एक सांगावेसे वाटते. १९३७ च्या निवडणुकीत बाळू पालवणकर काँग्रेसतर्फे मुंबईत थेट डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले. ज्या भंडाऱ्याने १९५४ च्या पोटनिवडणुकीत अशोक मेहतांना निवडून दिले पण बाबासाहेबांना नाकारले, तेथील आपल्यापैकी अनेकांना बाळूंची ती भूमिका रुचणार नाही. तरीही संघात त्यांच्यावर झालेला अन्याय हा अन्यायच होता. खेळाडू आपल्या पक्षाची भाषा बोलतो की नाही, ह्यावर आपला पाठिंबा अवलंबून राहता कामा नये.

तेव्हा मूळ ठरावास माझी दुरुस्ती अशी आहे. बहिष्काराचे आवाहन प्रथम क्रीडा महासंघांना, प्रायोजकांना आणि शासनाला करावे. ज्यांच्या हाती सत्ता आणि पैसा आहे त्यांनी आधी झळ सोसावी. कोणत्याही बहिष्काराआधी तेथील पीडित लोकांचे म्हणणे ऐकावे. ज्या स्पर्धेला आपला विरोध आहे तिचे तिकीट आपण घेऊ नये आणि तिचे प्रक्षेपणही पाहू नये. ही प्रतिज्ञा आजच्या शिबिरात करता येण्यासारखी आहे. आणि जो खेळाडू स्वतःच्या विवेकाने माघार घेईल, त्याची शिष्यवृत्ती, नोकरी आणि संघातील जागा हिरावली जाऊ नये यासाठी कामगार संघटनांनी व पक्षाने लढावे, त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत निधी उभारावा. संपाला निधी लागतो, हे आपणास ठाऊक आहे.

ह्या दुरुस्तीसह ठराव मांडला गेला, तर त्याच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मी असेन. आणि निधीची पहिली पावती माझ्या नावाने फाडावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.